खंडेनवमीचे अकरा रिपोर्ट

औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर
१२ डिसेंबर २०२५

प्रिय गोकुळ,

माझं अक्षर बघून आधी हसून घे. चार वर्षं आपण संक्रांतीला दोन वाक्यं आणि दिवाळीला दोन वाक्यं बोलतोय, तीही फोनवर, आणि आज एकदम एवढी पानं. मेल करता आली असती. ती कशी करायची हे तूच मला शिकवलंस, "काकू, भ्या कशाला, ते काय चावतंय व्हय" असं म्हणत. पण हे मेलवर लिहायला बसले की माझा उजवा हात आखडतो. का आखडतो ते सांगते, पण माझ्या क्रमानं सांगू दे. काहीही हातात आलं की आधी शेवटचं पान उलटायची तुझी खोड मला माहीत आहे, आज तेवढी आवर.

मंगळवारी तुझी मोनिका येऊन गेली. तुला न सांगता आली, देवगाव रंगारीहून सकाळची पहिली गाडी धरून, तेव्हा तिच्यावर चिडायचं नाही. हुरड्याची पिशवी आणली होती. चहा पुढं ठेवला तर कप बाजूला सारून म्हणाली, "काकू, कन्नडच्या संस्थेत नोकरीला ह्यांचं नाव पयलं लागलंय. पण सोमवारपर्यंत लॅबचा दाखला मागितलाय. तिथल्या मॅडमनी लॅबला फोन केला, तर तुमचे साहेब म्हनले, त्याच्या प्रोग्रॅमनं खोटं लिहिलं आन् आमची एक पेशंट गेली." हे तिसऱ्यांदा झालं म्हणाली. तू नेहमीसारखा म्हणालास, राहू दे, शेत हाय की. आणि घरातला कॉम्प्युटर तू पोत्यात बांधून माळ्यावर टाकलायस, हेही तिनंच सांगितलं. जाताना दारात थांबली. "साहेब तुमचं ऐकतील, काकू. ह्यांच्या नावाला लागलंय तेवढं पुसून द्या." मी म्हटलं, बघते. ती जिना उतरून गेली तरी मी दार धरून उभीच होते. साऱ्या शहरात तिला जायला दुसरं दार सापडलं नाही, आणि माझंच सापडलं, याचं मला काय वाटलं ते तुला वाचता वाचता कळेल.

इकडचं म्हणशील तर ठीक आहे. हे गेल्याला आता दीड वर्ष होईल. खालच्या साडीच्या दुकानानं नवा भोंगा लावलाय, दिवसभर "या ताई, बघा ताई" चालू असतं, त्यामुळं घरात एकटी आहे असं फारसं वाटत नाही. जूनमध्ये मी लॅब सोडली. तिथं आता सगळंच बदललंय. मोठ्या कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलंय, रिपोर्ट तयार झाला की आपोआप जातो, कुणी बसायला लागत नाही. मागच्या महिन्यात माझाच साखरेचा रिपोर्ट मला मेलवर आला. वर पिवळी पट्टी होती. हे पत्र ज्याच्या नावानं आलंय त्यानंच पाठवलंय याची खात्री करता आलेली नाही, सावध राहा, अशा अर्थाचं काहीतरी. तेहतीस वर्षं ज्या लॅबच्या खुर्चीवर बसले, तिच्याच पत्राबद्दल माझाच फोन मला सावध करतोय. हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी फोन पालथा करून ठेवला आणि दुपारपर्यंत हातात घेतला नाही.

आपल्या वेळची ती चौकट तुला विसरता येणार नाही. तू एवढ्या हौसेनं प्रोग्रॅम लिहिलास. रिपोर्ट उचलायचा, ज्या त्या डॉक्टरचा पत्ता लावायचा, मेल करायची आणि रजिस्टरच्या शीटमध्ये त्या ओळीपुढं "पाठवले" लिहायचं. पहिल्या दिवशी सगळ्यांना पेढे वाटलेस. आणि प्रत्येक मेलच्या वेळी ती चौकट पडद्यावर उगवायला लागली. इंग्रजीत होती, तू मला मराठीत सांगितलंस: दुसरा एक प्रोग्रॅम तुमच्या नावानं पत्र पाठवू बघतोय, तुम्हाला हे माहीत नसेल तर नको म्हणा. खाली दोन बटणं, "द्या" आणि "नको". "द्या" पाच सेकंद फिकट असायचं, दाबताच यायचं नाही, म्हणजे माणसानं विचार करावा. "नको" मात्र पहिल्यापासून जागं, नुसता एंटर दाबला तरी बसणारं. चाळीस रिपोर्ट, चाळीस चौकटी, आणि तू गालाला हात लावून एकेका चौकटीसमोर बसलेला. मी तुला म्हणायचे, प्रोग्रॅम तुझा, नोकर पण तूच. तू चिडायचास. पण मला ती चौकट आवडायची, खरं सांगते. पत्र पाठवण्याआधी कुणीतरी विचारतंय, बाई, खरंच पाठवू का, यात मला वाईट काही दिसत नव्हतं.

मग तू दुसरा एक छोटा प्रोग्रॅम आणलास. चौकट आली की तो पाच सेकंद थांबायचा आणि तुझ्याऐवजी "द्या" दाबायचा. त्याचं नाव आपण "होयबा" ठेवलं. होयबा आला आणि तू खुर्चीतून उठलास. दुपारी दोनला मेल आपोआप जायला लागल्या. साहेबांना तू सांगितलं होतंस, त्यांनी हूं म्हटलं होतं, पुढं मात्र त्यांना ते हूं आठवलं नाही. तेव्हा तू माझ्या ह्यांच्या गोळ्या आणायला स्वतःच्या गाडीवरून जायचास. अर्धांगवायूनंतर ह्यांना उठवून बसवायला दोन माणसं लागायची, तर दुसरा तू असायचास. हे लिहायला नको होतं, तुला संकोच होईल. पण लिहिलं नाही तर पुढचं मी किती निर्लज्जपणे केलं ते नीट दिसायचं नाही.

सारजाबाई आल्या त्या घटस्थापनेनंतरच्या सोमवारी. पाचोडहून नानासाहेबांबरोबर. काखेत गाठ होती, तिचा तुकडा काढून तपासायला दिला होता. हिरवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू, मांडीवर कापडी पिशवी. मी नाव लिहून घेतलं आणि पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर बसायला सांगितलं. उंची कमी, पाय जमिनीला टेकत नव्हते. दर वेळी दार वाजलं की मान वर करायच्या. दोनदा विचारलं, "लई येळ लागंल का वो बाई?" मी म्हटलं, बसा, बोलावते. जाताना पिशवीतून चार सीताफळं काढून माझ्या टेबलावर ठेवली. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, "आवो घ्या, आमच्या बांधावरची हायेत, इकत न्हाय आनली." नानासाहेबांनी मला विचारलं, रिपोर्ट न्यायला परत यावं लागेल का. मग त्यांनीच सांगितलं, आमचे डॉक्टर म्हणाले, काही वाईट असलं तर लॅबवाले लगेच मला मेल करतात, काही आलं नाही तर समजा बरं आहे. मी ऐकलं. मान डोलावली. छापील प्रत आम्ही ठेवतोच, कधी आलात तर घेऊन जा, असं म्हणून त्यांना पाठवलं. सीताफळं घरी नेली, ह्यांना भरवली, गोड होती.

खंडेनवमीच्या दिवशी लॅब अर्धा दिवस होती. सकाळी अकरा रिपोर्ट तयार झाले, त्यात सारजाबाईंचा होता. वाईट होता. साहेबांनी सही केली आणि तुझ्याकडं दिला. तुला घरच्या ट्रॅक्टरच्या पूजेला पोचायचं होतं. निघताना तू माझ्या टेबलाशी आलास. "काकू, मशीन चालूच राहू द्या. दोनला ते पाठवतंय सगळं. की-बोर्डाला कुणाला हात लावू देऊ नका." मी म्हटलं, जा रे बाबा, मी आहे ना. आणि मी खरंच होते. झाडणारी बाई फडकं घेऊन तुझ्या टेबलाकडं वळली, तर तिला मी लांबूनच हाकललं.

पूजा नेहमीप्रमाणं मी मांडली. भिक्षुकाच्या घरची मुलगी म्हणून तेहतीस वर्षं तो मान माझाच. सूक्ष्मदर्शक, ते गरगर फिरणारं यंत्र, फ्रिज, साहेबांच्या कात्र्या, सगळ्यांना हळदकुंकू, फूल. मग तुझा कॉम्प्युटर. साऱ्या लॅबचं काम त्याच्यावर, त्याचा मान मोठा, त्याला नारळ. आता तो ठेवायचा कुठं? पडदा पत्र्यासारखा पातळ, त्यावर नारळ टिकत नाही. डबा टेबलाखाली, पायांशी, तिथं नारळ ठेवायला माझ्या वडिलांची मुलगी धजली नसती. म्हणून की-बोर्डावर ठेवला. उजव्या अंगाला, स्टेपलरचा टेकू देऊन, घरंगळू नये म्हणून. वर कुंकू वाहिलं, झेंडू ठेवला, नमस्कार केला. हात कुणी लावायचा नाही असं तू म्हणाला होतास, आणि नारळ म्हणजे हात असं माझ्या मनातही आलं नाही. उलट पूजा मांडली म्हणजे दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत कुणी शिवणारच नाही, तुझं काम जास्त पक्कं झालं, असं मला वाटलं. साहेबांनी पेढा खाल्ला, आम्ही कुलूप लावलं. साडेबारा वाजले होते.

दसऱ्याला लॅब बंद. शनिवारी मी सगळ्यांत आधी आले, अक्षता वाहिल्या, नारळ उचलला. पडदा जागा झाला आणि रजिस्टरची शीट समोर आली. सगळी कोरी. मी घाबरले, सगळं पुसलं गेलं की काय. मग बघितलं, कर्सर खाली गेला होता, तळाला, जिथून पुढं शीटच नाही अशा शेवटच्या ओळीवर. दहा लाखांच्या पुढचा काहीतरी आकडा होता. एवढ्या खाली कुणी कधी जात नाही. तिथवर तो एकेक पायरी उतरत गेला होता, कारण जवळजवळ दोन दिवस एंटर दाबलेला होता. मला कॉम्प्युटर येत नाही असं मी लोकांना सांगते, पण एवढं मला कळलं, गोकुळ. वर गेले तर अकराही नावांपुढं "पाठवले" होतं. मला हायसं वाटलं. म्हटलं, गेल्या ना, मग थोडा कर्सर फिरला तर काय बिघडलं. मी टेबल पुसलं, फुलं निर्माल्यात टाकली, शीट वरच्या ओळीवर आणून ठेवली, आणि कुणाला बोलले नाही.

त्या दिवशी फोन यायला लागले. अमक्याचा रिपोर्ट मिळाला नाही, तमक्याचा नाही. आठ फोन. तू सोयाबीन काढायला बुधवारपर्यंत गावीच होतास. मी आठही जणांना छापील प्रती दिल्या, किंवा साहेबांच्या मोबाईलवरून फोटो पाठवले. अकरातले आठ गेले नाहीत, तर उरलेले तीन कसे जातील, हा हिशेब पहिलीतल्या पोराला जमेल. मला जमत होता. पण तो केला असता तर पुढचं वाक्य नारळाचं आलं असतं, म्हणून मी तो केला नाही. तू बुधवारी आलास तेव्हा म्हटलं, सणात नेट बंद होतं वाटतं, सगळ्यांना दिलं मी. तू म्हणालास, बरं झालं काकू, तुमी होत्या. त्या तिघांतल्या दोघांचं काही वाईट निघालं नव्हतं. तिसरा कागद माझ्या टेबलावरच्या ट्रेमध्ये होता.

माघात ते परत आले. मी सारजाबाईंना ओळखलंच नाही. शालीत गुंडाळलेलं काहीतरी नानासाहेबांनी धरून आणलं होतं. पाचोडच्या डॉक्टरांनी विचारायला पाठवलं होतं, तुमचा रिपोर्ट तर कधी आलाच नाही. मी ट्रेमध्ये हात घातला आणि तळाचा कागद काढला. चार महिने मी त्याच्या शेजारी जेवले होते. मीच तो त्यांच्या हातात दिला. नानासाहेबांना वाचता येत होतं. त्यांनी वरची तारीख वाचली आणि मला विचारलं, "म्हंजी ह्यो कागद हितंच पडून व्हता व्हय?" आवाज चढवला नाही. सारजाबाई तोवर आपण होऊन त्या बाकावर जाऊन बसल्या होत्या. गुढीपाडव्याच्या आधीच त्या गेल्या.

साहेबांनी तुला आत बोलावलं ते मी काचेतून बघत होते. मेल गेली नाही आणि तुझ्या प्रोग्रॅमनं "पाठवले" लिहिलं, हे खरंच होतं. चौकट उगवताच नारळाखालच्या एंटरनं नको म्हटलं, तरी तो ओरडला नाही, मुकाट्यानं पुढच्या ओळीवर गेला, तेवढी चूक तुझी होती. त्यात होयबा सापडला. धोक्याच्या सूचनेला फसवणारं यंत्र बसवलं, असं साहेब म्हणाले, आणि ते तसं म्हणाल्यावर कुणालाच पुढं काही शोधावंसं वाटलं नाही. मला ऐकू आलं, तू म्हणालास, "सर, माझ्याच प्रोग्रॅमची चूक हाय." मी दारापर्यंत गेले होते. हातात उद्याच्या पेशंटांची यादी होती. दार ढकललं नाही. ह्यांचं आजारपण, घरात दुसरा मिळवता नाही, हे सगळं मी त्या दोन पावलांत स्वतःला सांगितलं. तू बाहेर आलास, टेबल आवरलंस, मला वाकून नमस्कार केलास आणि गेलास. मी आशीर्वाद दिला. तो कुठल्या तोंडानं दिला हे मला अजून कळलेलं नाही.

आता जे सांगते त्याला वेड म्हण, वय म्हण. सारजाबाई मला दिसतात. पहिल्यांदा त्याच उन्हाळ्यात दिसल्या, दुपारी दोन वाजता, पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर. काही करत नाहीत, काही बोलत नाहीत. पाय लोंबकळत असतात, मांडीवर पिशवी. दार वाजलं की मान वर करतात, आणि मी नाव दुसऱ्याचंच पुकारते. बसा, बोलावते, असं मी म्हटलं होतं ना, त्या बसल्यात. तीन वर्षं मी दोन वाजता त्या बाकाकडं पाठ करून डबा खाल्ला. लॅब सोडताना शाल आणि नारळ दिला. शाल घेतली, नारळ हातात आला तसा मी तो टेबलावर ठेवून दिला आणि सगळ्यांना वाटलं, बाईला भरून आलं. मला वाटलं होतं, लॅब सुटली की त्याही सुटतील. पण आता त्या इकडं येतात. आमच्या जिन्याच्या वळणावर, चौथ्या पायरीवर, भिंतीला टेकून. मंगळवारी मोनिका गेली ती त्यांच्या शेजारून गेली. एटीएममध्ये पुढं जायचं का असं मशीन विचारतं, फोनमध्ये काहीबाही परवानग्या मागतात, तर माझं बोट तिथंच थांबतं, मागचे लोक कुरकुर करतात. अशा वेळी काय करावं, कुठलं शांतिकर्म, कुठला जप, हे मला माहेरच्या संस्कारानं तोंडपाठ आहे. त्यातलं एकही केलं नाही. मी त्यांना बसवलं, मी त्यांना कोणत्या हक्कानं उठवू?

बुधवारी मी साहेबांकडं गेले आणि नारळापासून सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, काकू, चार वर्षांनी हे कशाला उकरताय, बाई परत येणार आहे का. मी म्हटलं, बाई रोज येतात, ते सोडा, गोकुळला परत आणायचंय. त्यांनी परत चष्मा काढला. मग मी म्हटलं, तुम्ही दाखला देणार नसाल तर सोमवारी मीच कन्नडला जाऊन बसते आणि तिथल्या मॅडमना सांगते. अर्ध्या तासानं त्यांनी दाखला टाईप करून घेतला. सोबत जोडलाय, पाकीट उद्या पहिल्या गाडीच्या कंडक्टरकडं देते. काम चोख, वागणूक उत्तम, नोकरी स्वतःच्या कारणानं सोडली, असा आहे. मॅडमना फोनही माझ्यासमोर केला, आमची माहिती चुकीची होती एवढं म्हणाले. त्यांच्या कागदात नारळ नाही. नारळ माझ्या कागदात आहे, तो दुसरा, हातानं लिहिलेला, खाली माझी सही आणि पत्ता. ज्याला दाखवायचा त्याला दाखव.

साहेबांना सांगितलं आणि नानासाहेबांना नाही, असं कसं चाललं असतं? काल पाचोडला गेले. घर विचारत विचारत सापडलं. ते ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होते, मला बघून म्हणाले, "लॅबच्या बाई ना?" आणि आत जाऊन पाणी आणलं. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "येळेवर कळलं असतं तर ती वाचली असती का वो?" मी डॉक्टर नाही, मला काय माहीत, असं म्हणता आलं असतं. मी म्हटलं, बहुतेक. ते उठले, गोठ्यात गेले आणि बराच वेळ आले नाहीत. आले ते खाली बसून परत शेंगा सोलायला लागले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "नारळाचं ठावं हाय मला. गोकुळनं पयल्याच साली सांगितलं. एंटरच्या बटनावर कुंकू व्हतं म्हनला, त्येनंच पुसलं. दर साली येतो हितं. मला शपथ घातली त्येनं, बाईला कळू द्यायचं न्हाय. तिचा माणूस हातरुनावर हाय म्हनला, तिची नोकरी गेली तर दोघं कुटं जातील." परतीच्या गाडीत मी हे ऐकतच आले. म्हणजे वरची सगळी पानं तुला ठाऊक होती. त्या दिवशी वाकून नमस्कार केलास तेव्हाही ठाऊक होतं, दर संक्रांतीला काकू गोड बोला म्हणालास तेव्हाही. तरी मी ती पहिल्यापासून लिहिली, कारण माझ्या तोंडून तुला ती एकदाही मिळाली नव्हती. क्षमा मागत नाही, तू ती कधीच देऊन बसलायस आणि तीच मला सोसत नाही. माझं जे तू अंगावर घेतलंस ते मला परत हवंय, त्यासाठी हे पत्र. हे गेले गोकुळ, माझी नोकरीही संपली, आता कुणाला वाचवायचं राहिलेलं नाही. सोमवारी कन्नडला जा. लॅब का सोडलीस असं कुणी विचारलं तर या वेळी माझं नाव सांग.

तुझीच म्हणायची सवय मोडवत नाही,
भानुकाकू